येथे आवाज फाडून मिळेल

"मुलासाठी बघताय का, काका?"

शनिवारी दुपारी पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात पाऊल टाकतो न टाकतो तोच काउंटरवरच्या पोरानं हे विचारलं. आज मंगळवार. मी अजून त्याला उत्तरं देतोय; आंघोळ करताना, सिग्नलला, काल तर चालू मीटिंगमध्ये. मी बेचाळीस वर्षांचा आहे. मला मुलगा नाही, मुलगी आहे आणि ती कथक शिकते. माझ्या पाठीला लटकलेली बास गिटार या पोराला काय इस्त्रीचं टेबल वाटलं?

तर, मला बाससाठी ओव्हरड्राइव्ह किंवा फझ पेडल हवं होतं; म्हणजे पायानं दाबायची, वाद्याचा आवाज मुद्दाम फाडणारी डबी. वीस वर्षं बास वाजवतोय आणि वीस वर्षं लोक विचारतायत, "याला चारच तारा कशा?" कार्यक्रम संपला की गायकाला बुके, गिटारवाल्याबरोबर सेल्फी आणि मला "जरा तो स्पीकर उचलायला या ना." एकदा तरी आपला आवाज लोकांना ऐकू यावा. फाटका का होईना.

"बासचं पेडल दाखवा."

"सगळीच बासला चालतात, सर." बजेट ऐकून काकाचा सर झाला होता.

सगळी चालत नाहीत. हे जरा सविस्तर सांगतो, तेवढाच माझा राग निघेल. ट्यूब स्क्रीमर घराण्यातली हिरवी डबी गिटारवाल्यांच्या गळ्यातला ताईत. पण तिचं सर्किट आवाज फाडतानाच साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी कमी करत जातं. गिटारला ते बरं, गिचमिड होत नाही. माझी सगळ्यात जाड तार मात्र वाजते ४१ हर्ट्झला आणि सगळ्यात बारीक मोकळी तार ९८ ला. म्हणजे पंगतीत बसवायचं, भात-वरण उचलून न्यायचं आणि पानात फक्त लिंबाची फोड ठेवायची. म्हणून बासच्या चांगल्या पेडलवर बहुधा 'ब्लेंड' नावाचा नॉब असतो. खालचा भरीव आवाज शाबूत ठेवायचा आणि वरून हवा तेवढा फाटका मिसळायचा. तो नॉब कुठाय विचारलं, तर पोरगा म्हणाला, "टोन आहे ना." वर ऐकायला अँप दिला दहा वॉटचा, सहा इंची स्पीकरचा. त्यातून बास ऐकणं म्हणजे वाटीत पोहून बघणं.

तरी वाजवलं. पाय ठेवला आणि घर्रर्र.

"अहो, बंद करा! बंद करा! गेलं काहीतरी!"

मागच्या खुर्चीतून एक आजोबा उठले होते. पांढरा झब्बा, हातात कापडी पिशवी. पिशवीत इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी. मी म्हटलं, गेलं नाही, हा असाच आवाज आहे.

"असाच म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम फाडलेला."

"मुद्दाम." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "केवढ्याला?"

"साडेआठ हजार."

आजोबा खाली बसले. पिशवी उघडली, पेटी काढली, शेजारचा प्लग उपसून आपला लावला आणि बटण दाबलं. तानपुरा करकरत सुरू झाला. मधेच घसा खाकरल्यासारखा थांबे, पुन्हा करकरे. "आठ दिवस झाले, असाच फाटतोय. दुरुस्तीला आणलाय. तुम्ही घेऊन जा. एक रुपया नको."

काउंटरवरचा पोरगा हसला. सकाळपासून बहुधा पहिल्यांदाच.

आता गप्प बसलो असतो तर मी पुण्यातला कसला? म्हटलं, "आजोबा, तंबोऱ्याला घोडीवर दोरा सरकवता तो कशासाठी? तार झणझणावी म्हणूनच ना?"

दुकानात शांतता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या गुरूंना अरे-तुरे केलं होतं.

"ती जवारी. जवारी काढायला मिरजेचा माणूस लागतो, त्याचा कान लागतो. तुम्हाला काय लागतं?"

मी खालमानेनं म्हणालो, "नऊ व्होल्टचा अडॅप्टर."

"बघा."

मग मी इतिहास काढला. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला, ग्रेडी मार्टिन नावाच्या वादकाच्या सहा तारी बासचा आवाज फाटला, तो तसाच ठेवला आणि १९६१ मध्ये ते गाणं चाललं. १९६२ मध्ये असा आवाज काढणारी माएस्ट्रो फझ-टोन ही डबी बाजारात आली. म्हणजे हे सगळं सुरू झालं तेच बासच्या जातीच्या वाद्यावरून, आणि आज बासवाल्यालाच विचारतात, मुलासाठी का म्हणून!

"म्हणजे मूळचा बिघाडच," आजोबा म्हणाले. "मी वेगळं काय म्हणत होतो?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

एवढ्यात चहा आला. एकच कप, आजोबांना. "तुमचं झालं का, सर? अँप लागेल," म्हणून पोरानं माझी वायर काढली आणि त्यावर आजोबांचा तानपुरा लावून बघितला, बिघाड पेटीत आहे की तिच्या स्पीकरमध्ये. तो दहा मिनिटं करकरला. मला पुरती चार मिनिटं मिळाली नव्हती. गिटारच्या पेडलांचं काचेचं कपाट छतापर्यंत, लायटिंगसकट. बासचं पेडल शेवटी निघालं, एकच, तबल्याच्या गाद्यांच्या मागून. खोक्यावर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. त्यावर ब्लेंड होता. पण ते ऐकायला अँप मोकळा नव्हता. आणि यांनाच प्रश्न पडतो की लोक ऑनलाइन का मागवतात!

न ऐकताच घेतलं. बिलावर त्यानं लिहिलं, 'गिटार पेडल, नग १'. मी दुरुस्त करायला सांगितलं, तर म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये बासचं खातंच नाही.

आजोबांनी जाताना खांद्यावर हात ठेवला. "मुलाला आवडेल."

मी दारापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात पोरानं हाक मारली. वॉरंटी कार्ड राहिलं होतं. शिक्का मारत, पाठ केल्यासारखं त्यानं एका दमात सांगितलं, "सहा महिने गॅरंटी, सर. आवाज फाटायला लागला तर लगेच घेऊन या."