स्क्रीनशॉटखाली निबंध लिहायचाय?

सॉफ्टवेअर तयार झालं? अभिनंदन. आता मेटाइन्फो फाइल, म्हणजे ॲपची ओळख करून देणारी फाइल, लिहायला बसा. तिच्यात प्रत्येक स्क्रीनशॉटसाठी कॅप्शन नावाचा टॅग (चित्राखालच्या ओळीचा रकाना) असतो आणि ही फाइल कशी लिहायची ते ठरवणाऱ्या ॲपस्ट्रीमवाल्यांचं म्हणणं असं, की त्यातला मजकूर शक्यतो १०० अक्षरांत आटपावा. एवढ्यात आत्मस्तुतीची प्रस्तावनासुद्धा होत नाही. तिकडे खुशाल काणाडोळा करा.

चित्रात जे दिसतंय ते मात्र चुकूनही लिहू नका. बिलांची यादी तारखेनुसार लागलेली दिसतेय? मग 'महिन्याची बिलं तारखेनुसार लावा' लिहून तुम्हाला काय मिळणार? त्यापेक्षा 'आमचं अत्याधुनिक, वेगवान, सुलभ आणि सर्वांसाठी उपयुक्त ॲप आपलं आयुष्य बदलून टाकेल!!!' असं ठोकून द्या. हीच ओळ सगळ्या चित्रांखाली चिकटवा. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याचं आयुष्य मग दर चित्रागणिक बदलत राहील. बिलं कुठे आहेत, ते त्याचं त्याने शोधावं.

आता टिंबाकडे वळू. लिनक्सची ॲप्स जिथे मिळतात त्या फ्लॅटहबचा आग्रह असा, की कॅप्शन एकाच वाक्याचं असावं आणि शेवटी पूर्णविराम नसावा. ॲपच्या सारांशाच्या ओळीला टिंब दिलंत तर ॲपस्ट्रीमचा वॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारा प्रोग्रॅमही, कुरकुरतो. शाळेत ज्या टिंबापायी अर्धा गुण गेला, ते इथे दिलं की नापास! स्वाभिमानी माणसाने हे का सोसावं? तीन टिंबं द्या, उत्कंठा वाढते. (एकापाठोपाठ एक चित्रं सरकवताना कुठे टिंब आहे, कुठे नाही, हे लगेच डोळ्यांत खुपतं म्हणे. खुपू दे. डोळे बघणाऱ्याचे.)

मराठी अनुवाद करणाऱ्यांसाठी खास सोय आहे. 'क्षि' दिसायला एक अक्षर, पण युनिकोडच्या हिशेबात क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. ओळ लांबली, की मराठीवर अन्याय झाल्याची हाकाटी करा. 'करण्यात येऊ शकते' ऐवजी 'करा' लिहून ती निम्मी झाली असती, हे कुणी सुचवलं तर त्याला भाषाद्रोही ठरवा.

पुढच्या आवृत्तीत बटणं हलली, रंग बदलले, तरी जुन्या ओळींना हात लावू नका. पांढऱ्याफटक चित्राखाली 'नवा डार्क मोड' अभिमानाने मिरवू द्या. कुणी तक्रार नोंदवलीच, तर सविस्तर उत्तर द्या. तिथे अक्षरं कुणी मोजत नाही...