इम्पॅक्ट ड्रायव्हर मागितला की हॅमर ड्रिल कामून दाखवता?

डोकं फिरलंय राव आज. जड कामाचा एक कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळून घालायचं बॅटरीवरचं मशीन, घ्यायचंय, एवढंच. लातूरच्या गंजगोलाईपासून सुरू केलं, हार्डवेअरची दुकानं पालथी घातली, ऑनलाईन बी रात्र रात्र बघायलोय, आन् हे मशीन नेमकं काय काम करतं ते धड सांगणारा एक माणूस भेटना.

काउंटरवर पहिलं काय येतं तर हॅमर ड्रिल. "हे घ्या, इम्पॅक्टच आहे." अहो दादा, हॅमर ड्रिल पुढच्या बाजूला ठोकतं, भिंतीत भोक पाडायला. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरायच्या दिशेनं ठोकतो. त्याच्या आत एक हातोडा असतो, लोड आला की तो स्प्रिंग दाबून मागं सरकतो, सुटतो आन् फिरत येऊन आतल्या ऐरणीवर आदळतो, मिनिटाला तीन हजाराच्या वर ठोके, म्हणून तर स्क्रू अडला तरी मशीन आपलं मनगट पिळत नाही. एवढा मोठा फरक आहे आन् विकणाऱ्याला पत्ता नाही. दुसऱ्या दुकानात गेलो तर त्यानं अर्धा इंची चौकोनी तोंडाचं इम्पॅक्ट रेंच काढलं, ट्रकच्या चाकाचे नट खोलायचं. त्याच्यात माझा पाव इंची षटकोनी बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारं टोक, बसवू कुठं? दोन्ही बसणारी मशीनं येतात की बाजारात, बॉशचं जीडीएक्स १८व्ही-२०० तसं आहे, पण दुकानदाराला नाव बी माहीत नाही, "मागवून देतो, ॲडव्हान्स टाका" म्हणाला.

माझं काम काय ते सांगतो म्हणजे कळंल मी कामून चिडलोय. आपल्याकडं आता हुरडा पार्ट्यांचं लई वाढलंय, ज्याच्याकडं रोडटच रान आहे त्याला झाडाखाली लाकडी डेक पाहिजे, वर चाळीस-पन्नास माणसं बसली पाहिजेत, हलायला नको. खाली बॉक्स पाईपचा सांगाडा, वर सालच्या नाहीतर बाभळीच्या फळ्या. फळी पाईपला धरायला पंखवाले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतात, त्याचे पंख लाकडात भोक मोठं करत जातात आन् लोखंडाला लागले की तुटून पडतात, मग पुढचं टोक पाईप कापून आत जातं. लाकडी खांबाला लाकडी आडवं जोडायचं तर दहा एमएमचे कोच स्क्रू, म्हणजे लाकडात घालायचे षटकोनी डोक्याचे जाड स्क्रू. आधी पायलट होल, म्हणजे बारीक भोक, मारूनच घालतो, ते शहाणपण कुणी शिकवू नका. तरी पहिले दोन इंच कुठलंबी मशीन घालतं, शेवटच्या इंचाला खरं कळतं. सगळा दांडा लाकडात गेलेला असतो, बाभळ त्याला आवळून धरती, आन् हलकं मशीन तिथं नुसतं कडकडकड वाजत राहतं, सॉकेट एवढं तापतं की हात लावला तर चटका बसतो, आन् स्क्रूचं डोकं फळीपासून बोटभर वरच. मग पाना घेऊन हातानं पिळा.

आन् दुकानात टेस्ट कशी करून दाखवतात? मशीन हवेत धरतात, ट्रिगर दाबतात, घुर्रर्र. "बघा पॉवर." हवेत तर पोराचं खेळणं बी फिरतं हो! लोड नसताना ठोका बसतच नाही त्याच्यात, मग काय बघू मी?

आता डब्यावरचे आकडे. याच्यानं तर मस्तकात जातं. १८ व्होल्ट आन् २० व्होल्ट मॅक्स हे एकच आहे, एकच. आत पाच सेल एका ओळीत असतात, एक सेल ३.६ व्होल्टचा धरला की १८ होतात, फुल चार्ज झाल्यावर लोड नसताना ढोबळ चार धरला की २०. तरी दुकानदार छातीठोक सांगायलाय की "वीसवालं जास्त ताकदीचं, दोन हजार जास्त पडतील". आन् ते स्वस्तातले डबे, ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ! हे व्हीएफ म्हणजे काय ते एकानं तरी सांगावं. आत तेच पाच सेल, फुल चार्जला २१ व्होल्ट, बाकी सगळं स्टिकर. गावाकडून नवीन आलेलं पोरगं पहिल्या कमाईतून मशीन घ्यायला येतं, ते आकडा बघूनच घेणार ना, त्याच्या खिशात हात घालायलेत हे लोक. याला धंदा म्हणायचं का?

बॅटरीचं तर त्याहून बेकार. आमच्याकडच्या एका पोराच्या मशीनची बॅटरी बंद पडली, वर छापलेलं ८ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), खोलून बघितली तर आत पाच सेल. नेहमीचे १८६५० साईजचे. त्या साईजचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन एएचच्या आसपास जातो, एका ओळीत पाच लावले तर व्होल्ट वाढतात, एएच वाढत नाही, मग आठ आले कुठून? बाकीच्या डब्यात नुसती प्लास्टिकची रिकामी जागा, बॅटरी मोठी दिसावी म्हणून. खरी ५ एएचची बॅटरी त्या साईजच्या सेलची घेतली तर आत दहा सेल असतात, दोन ओळीत, लोड दोन्हीकडं वाटला जातो, म्हणून जड कामात मशीन दम सोडत नाही. हे कुणी सांगत नाही. किट म्हणून काय गळ्यात मारतात तर दीड-दोन एएचच्या दोन बॅटऱ्या, ज्या कोच स्क्रूच्या कामाला दुपार बी काढत नाहीत. मोठी बॅटरी वेगळी घ्या म्हणतात, तिची किंमत ऐकली की मशीन स्वस्त वाटतं. आन् एका कंपनीची बॅटरी दुसरीला बसत नाही, खाच वेगळी, पिना वेगळ्या, म्हणजे पहिलं मशीन ज्याचं घेतलं त्याच्याच दावणीला आयुष्यभर बांधलं जायचं.

आपल्याकडचा उन्हाळा धरला तर अजून अवघड. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, काम उघड्या रानात, बॅटरी तापून निघती आन् गरम बॅटरी चार्जर घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो, थंड झाली की मग चार्जिंग सुरू. त्यात लाईट गेलेली. माणसं हजेरीवर बसून राहतात, हजेरी मात्र पूर्ण द्यावी लागती.

न्यूटन मीटरचं, म्हणजे पिळायच्या ताकदीच्या मापाचं, बी एकदा बोलूनच घेतो. चांगल्या मशीनचे आकडे सगळ्यांसमोर आहेत, मकिटा डीटीडी१७१ चा १८०, डीवॉल्ट डीसीएफ८८७ चा २०५. १८० म्हणजे किती, तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण अठरा किलो लटकवल्यावर जेवढा पिळा बसंल तेवढा. मूठभर मशीनला हे लई झालं. आन् हा कमाल आकडा आहे, लाकडात काम करताना तेवढा सारखा मिळत नाही. मग निम्म्या किमतीच्या बिननावाच्या डब्यावर ४०० कसा काय लिहितात? कुणी मोजलाय? कुठं?

बिट विचारला तर साधा चकचकीत फिलिप्स देतात, इम्पॅक्टचे ठोके खाऊन त्याचं टोक गोल होतं नाहीतर मोडतं. पिळ सोसणारा इम्पॅक्टचा बिट वेगळा येतो. स्टार खाचेचे स्क्रू घेतले तर बिट निसटत बी नाही, पण इथं मागितले की "तसले कोण घेतंय" म्हणून काळे जिप्समचे स्क्रू पुढं सरकवतात. अरे बाबा, ते बोर्डाचे स्क्रू आहेत, कडक आन् ठिसूळ, डेकवर दोन पावसाळ्यात गंजून तुटतील आन् फळीवर माणसं उभी असतील!

माझं म्हणणं साधं आहे. काउंटरवर बाभळीचा एक ठोकळा ठेवा, दहा एमएमचे चार कोच स्क्रू ठेवा, मशीन माझ्या हातात द्या आन् शेवटचा इंच मला घालून बघू द्या. मशीननं स्क्रू शेवटपर्यंत घातला तर किंमत कमी करा म्हणणार नाही, रोख देतो. लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंबी असं दुकान कुणाला माहीत असंल तर खाली नाव टाका, उद्या सकाळी निघतो.