‘प्रेत कुठेतरी ठेवावंच लागतं’ असं लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर

पवित्र शनिवारवर, म्हणजे गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधल्या, येशू कबरेत होता त्या दिवसावर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली नेरूळच्या एका बंधूंची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्या मते काकांचा, म्हणजे माझा, लेख भावनिक आहे, अभ्यासाचा नाही. तारण वधस्तंभावरच पुरं झालं, प्रभू स्वतः ‘पूर्ण झाले आहे’ म्हणाला, तेव्हा कबरेचं एवढं कौतुक कशाला? पुढे त्यांचं वाक्य जसंच्या तसं: “प्रेत कुठेतरी ठेवावंच लागतं, म्हणून ठेवलं. त्यात धर्मशास्त्र कसलं?” शिवाय येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणतात, पण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट हे तीन दिवस भरत नाहीत, आणि लेख फार लांब झालाय.

लांबीचं मान्य. मधले दोन परिच्छेद गाळले असते तरी चाललं असतं. आमच्या घरातही हेच मत पडलं.

आता सुराबद्दल. काका म्हटल्याचा राग नाही, केस पांढरे झालेत. पण ‘प्रभूमध्ये सलाम’ लिहून सुरुवात करायची आणि दुसऱ्याच ओळीत ‘तुमच्या पिढीचं सगळं व्हॉट्सॲपवरचंच असतं’ असं सुनवायचं, ही कुठली प्रीती? संडे स्कूलची पहिलीतली पोरं मला विचारतात, “मग शनिवारी येशू काय करत होता?” प्रश्न तुमच्याच जवळपासचा आहे, पण विचारायची रीत त्यांना कळते. तुम्ही बायबल कॉलेजात शिकलात हे एकाच प्रतिक्रियेत दोनदा सांगितलंत. एकदा सांगितलं असतं तरी पोचलं असतं.

असो. त्या वाक्याकडे येतो, कारण राहून राहून तेच टोचतंय.

‘कुठेतरी ठेवावंच लागतं’ हे आपल्या वस्तीत खरं असेल, रोमी सुभेदार पिलाताच्या यरुशलेमात नव्हतं. वधस्तंभावर मारलेल्याला कबर मिळेलच असं रोमी राजवटीत कोणी धरून चालत नसे. प्रेत तसंच टांगलेलं राहणं, कुत्र्या-गिधाडांनी खाणं हा त्या शिक्षेचाच भाग होता. यहुद्यांचं नियमशास्त्र मात्र सांगतं की टांगलेल्याचं प्रेत रात्रभर तसं राहू देऊ नये, त्याच दिवशी पुरावं (अनुवाद 21). त्यात शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा शनिवार, तोंडावर आलेला. अशा वेळी येशूला दोषी ठरवणाऱ्या यहुदी न्यायसभेचाच एक सभासद, अरिमथाईकर योसेफ, हिंमत करून पिलाताकडे जातो आणि देह मागतो. मार्कच्या 15व्या अध्यायात बारकावा बघा. इतक्यात मेला कसा, याचं पिलाताला नवल वाटतं. तो शताधिपतीला, म्हणजे तिथल्या रोमी सैनिकी अधिकाऱ्याला, बोलावून विचारतो, मेल्याची खात्री करून घेतो आणि मगच देह देतो. आपल्याकडे डॉक्टरचा दाखला हातात असल्याशिवाय कबरस्तानात फावडं उचलू देत नाहीत, तसलाच हा प्रकार. मग निकदेम नावाचा यहुदी पुढारी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, सुमारे शंभर लिट्रा, म्हणजे आजचे तीसेक किलो. अडगळीसारखं कुठेतरी ठेवायचं असतं तर एवढं सुगंधी द्रव्य कोण वाहून आणेल?

तुम्हाला पुरावेच हवे असतात, म्हणून हेही घ्या. 1968 मध्ये यरुशलेमजवळ एक अस्थिपेटी सापडली. तिच्यावर येहोहानान असं नाव कोरलेलं, आणि आत टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच रुतलेला. वधस्तंभावर दिलेल्यालाही रीतसर कबर मिळू शकत होती हे त्यावरून दिसतं. मात्र अशी हाडं आजवर बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली आहेत, आणि मारली गेली हजारो माणसं.

आता ‘धर्मशास्त्र कसलं’ याबद्दल. करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. हे पत्र साधारण इसवी सन 55 च्या आसपासचं, म्हणजे सांगणं त्याहून जुनं. दोन मोठ्या गोष्टींच्या मध्ये त्याने ‘पुरला गेला’ हे उगाच भरलं नाही. निकेयाच्या परिषदेच्या 325 सालच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, दफनाचा उल्लेख नव्हता. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जो मतांगीकार जोडला जातो, त्यात तो आहे, आणि तोच आपण आजवर म्हणत आलोय. रविवारी उभं राहून म्हणताना तेवढ्या शब्दांपुरतं तोंड मिटता का?

हे इतकं ठासून का सांगावं लागलं, तर येशूला खरा देह नव्हता, तो नुसता भास होता, असं म्हणणारे सुरुवातीपासून होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नातियस बेड्यांत रोमकडे नेला जात असताना पत्रं लिहितो, आणि त्यांतही तेच: खरोखर जन्मला, खरोखर वधस्तंभावर दिला गेला, खरोखर मेला. भासाला कोणी तागाच्या वस्त्रात गुंडाळत नाही, त्याच्या कबरेच्या तोंडाशी धोंड लोटत नाही. तुम्ही स्वतःला रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या वळणाचे प्रोटेस्टंट, म्हणवता ना? मग तुमच्याच परंपरेतली 1563 सालची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी उघडा. एक्केचाळिसावा प्रश्नच आहे: तो का पुरला गेला? उत्तर एका ओळीचं: तो खरोखर मेला होता, याची साक्ष पटावी म्हणून. कॉलेजात हे पान गाळलं होतं का?

‘पूर्ण झाले आहे’ हे योहान 19:30 आहे, मला पाठ आहे. त्याच अध्यायाचा शेवट कबरेपाशी होतो. अध्याय पुरा वाचावा, यापलीकडे त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता भावनिक म्हणालात तर भावनिक. मी मंडळीच्या दफनाच्या कामात तरुणपणापासून आहे. माझे वडील गेले ते जुलैत. ठाण्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. खड्डा सकाळी खणून तयार होता, पेटी येईपर्यंत गुडघाभर पाणी. दोन पोरं आत उतरून बादलीने पाणी उपसत होती, वरून पुन्हा झिरपत होतं, पाळकसाहेब छत्रीखाली पुस्तक मिटून थांबलेले. शेवटी दोर सोडले तेव्हा पेटी टेकल्याचा आवाज आला नाही, डुबुक असा आला. आईने माझा दंड धरला. ‘मातीला माती’ म्हणायचं, तर हातात माती नव्हती, चिखल होता. त्या क्षणी मला येशूच्या मरणाने पापांची भरपाई झाली हा प्रायश्चित्ताचा सिद्धांत आठवला नाही. येशूही अशाच खड्ड्यात उतरला होता, मेलेला, दुसऱ्यांच्या हातांनी उचललेला, एवढंच आठवलं आणि तेवढ्यावर उभा राहिलो. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो. त्या दिवसापर्यंत हे मी वर्गात शिकवत होतो, इतकंच. तुमच्या घरातलं कोणी अजून मातीला गेलं नसेल तर ठीक, तशी वेळ उशिराच येवो.

आणि ठाण्याचंच बोलायचं तर 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांचे देह जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन संन्याशाने सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला, त्याने ती हाडं उकरून काढली आणि समुद्रमार्गे थेट चीनला नेली. मी कॅथलिक नाही आणि हाडं जपण्याच्या प्रथेशी माझं पटत नाही. पण ही माणसं ‘कुठेतरी ठेवायचं’ म्हणून एवढ्या लांब गेली नव्हती. आपली तरुण मंडळी गुड फ्रायडेला तीन वाजता येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना संपवून उठते ती थेट ईस्टरच्या गाण्यांच्या सरावाला. शनिवारी देवळाला कुलूप. माझा लेख त्या कुलपाबद्दल होता. तुम्ही वाचलात, पण ती ओळ तुम्हाला दिसली नाही.

राहिलं तीन दिवसांचं गणित. यहुदी मोजणीत दिवसाचा तुकडाही दिवस धरतात आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. शुक्रवारचा शेवट, अख्खा शनिवार, रविवारची सुरुवात. माशाच्या पोटात राहिलेल्या योनाच्या दाखल्यातल्या ‘तीन रात्रीं’वर तुम्ही पुन्हा याल हे दिसतंय, पण त्यात मी पडणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. फक्त आमच्या पाळकांचं नाव घेऊन लिहिलेली शेवटची ओळ झाकली आहे. त्यांच्याशी बोलायचं असेल तर रविवारी उपासनेनंतर ते दारातच उभे असतात.