काकांनी ज्या फॉरवर्डवरून गोळी बंद केली, त्याला उत्तर

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेल्या माझ्या काकांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद केली. का, तर फॉरवर्ड आला. "कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा बनाव आहे, मेंदूला ते लागतंच, अमेरिकेनेही २०१५ ला मर्यादा काढून टाकली, स्टॅटिनने स्नायू खराब होतात, रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी थांबवा." आणि घरच्या ग्रुपवर सगळे त्याला अंगठे देतायत, म्हणून लिहितोय.

आधी शेवटचं, कारण जीव त्यानेच जाईल. अहो, रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळी चालू आहे म्हणून! लिव्हर कोलेस्टेरॉल बनवतं, स्टॅटिन त्यातलं एक एन्झाइम अडवतं, मग लिव्हरच्या पेशी जास्त रिसेप्टर (एलडीएल पकडणारे हातच म्हणा) काढून रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेतात. गोळी थांबली की हे सगळं थांबतं आणि काही आठवड्यांत आकडा होता तिथे. काकांना कळणारही नाही, एलडीएल वाढलं म्हणून ना दुखत ना चक्कर येत, रक्त तपासलं तरच समजतं. आणि लॅबच्या कागदावर छापलेलं 'नॉर्मल' हे स्टेंटवाल्यांसाठी नसतंच, त्यांचं एलडीएल ७० च्या खाली हवं, युरोपची २०१९ ची गाइडलाइन तर ५५ च्या खाली म्हणते. स्टेंटने एक जागा उघडली, बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच आहेत ना?

स्नायूंचं म्हणाल तर २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९ ट्रायल्सचा एकत्र अभ्यास आला, सुमारे १ लाख २४ हजार माणसं, अर्ध्यांना स्टॅटिन, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. स्नायूंचा त्रास सांगणारे स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के, दुसऱ्यांत २६.६. बस, एवढाच फरक. हां, थोड्या लोकांना खरंच गोळीने दुखतं आणि शुगर किंचित वाढू शकते, हे मान्य. पण त्यावर डोस कमी करतात, औषध बदलतात, आणि लघवी गडद झाली, खूप अशक्तपणा आला तर लगेच डॉक्टरकडे जायचं. ग्रुपला विचारून बंद नाही करायचं.

मेंदू त्याचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथे पोचतच नाही. अमेरिकेने काढली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची रोजच्या ३०० मिलिग्रॅमची मर्यादा, रक्तातल्या एलडीएलचा त्यात संबंध नाही, आणि सॅच्युरेटेड फॅटची (तूप-लोण्यासारख्या चरबीची) रोजच्या कॅलरींच्या १० टक्क्यांची मर्यादा तशीच ठेवली.

राहिला बनाव. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना एलडीएल रिसेप्टरच्या कामासाठी नोबेल मिळालं १९८५ ला, पहिली स्टॅटिन बाजारात आली १९८७ ला. ज्या मुलांमध्ये हे रिसेप्टर जन्मतःच काम करत नाहीत त्यांना लहानपणीच हार्ट अटॅक येतात, त्यात कुठली कंपनी आली?

काका, आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळी पुन्हा चालू करायचं विचारा. मग ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा; बहुतेकदा उपाशी जायचीही गरज नसते. आणि गोळीच्या आधी एलडीएल १९० च्या वर असेल तर तुमच्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्या.