लघवीतल्या खुणा पुरेशा का नाहीत : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रिफ्लक्स (लघवी मूत्राशयातून उलटी वर चढणं) लघवीतल्या प्रथिनांवरून ओळखता येतो असे अभ्यास असताना मी माझ्या लेखात एमसीयूची (नळी घालून करायच्या मूत्राशयाच्या एक्स-रे तपासणीची) बाजू घेतली आणि नळी घालण्याला ‘थोडा वेळ होणारा त्रास’ म्हटलं, हे तुमचे दोन आक्षेप. तपासणीनंतर तुमची दीड वर्षाची मुलगी कितीतरी दिवस लंगोट बदलायला घेतलं तरी किंचाळायची, हेही तुम्ही लिहिलंत.

दुसऱ्या आक्षेपाचं आधी बोलतो. ते शब्द चुकले, लेखातून आजच काढले. कॅथेटर घालायचा, मूत्राशय औषधाने भरायचं, मूल लघवी करत असताना एक्स-रे काढायचे, आणि हे का चाललंय ते त्या जिवाला सांगता येत नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, हे अनेकदा पाहिलंय. माझ्याकडून तरी ‘थोडा’ लिहिलं जायला नको होतं. तुमची माफी मागतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझं मत तेच आहे. रिफ्लक्समध्ये मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रवाहिनीत, कधी थेट किडनीपर्यंत चढते. एनजीएएल, इंटरल्युकिन-८, एनएजी यांसारखे पदार्थ, म्हणजे या ‘खुणा’, लघवीत वाढतात ते किडनीच्या नलिकांना इजा झाली किंवा दाह झाला म्हणून. लघवी कोणत्या दिशेने वाहिली हे ते सांगत नाहीत. इजा जंतुसंसर्गानेही होते, मार्गात अडथळा असला तरी होते. ताप असतानाच्या नमुन्यात तर पांढऱ्या पेशी स्वतःच एनजीएएल सोडतात. उलट, पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचा (पाचपैकी; पहिला सर्वांत सौम्य) रिफ्लक्स असेल, लघवी जंतुविरहित असेल आणि किडनी धडधाकट असेल, तर आकडा अगदी नॉर्मल येऊ शकतो. त्यात लघवी किती पातळ आहे यावर आकडा हलतो, म्हणून तो क्रिएटिनिनच्या (लघवीतून बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात मोजतात, आणि तान्ह्या बाळांत क्रिएटिनिनच वयानुसार बदलत असतं.

एक हिशेब मांडून बघा. तापासह लघवीचा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात रिफ्लक्स सापडतो. अशी १०० मुलं घेऊ, त्यातल्या ३० जणांना रिफ्लक्स आहे. समजा (हे आकडे केवळ उदाहरणादाखल) एखादी चाचणी रिफ्लक्स असलेल्या दर १०० पैकी ८० मुलं पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ७० ना मोकळं करते. मग ३० पैकी २४ सापडतील, ६ सुटतील. उरलेल्या ७० पैकी २१ जणांवर उगाच शिक्का बसेल. मोकळी झालेली ४९ आणि सुटलेली ६, अशा ५५ मुलांची नळी वाचली, ही केवढी मोठी गोष्ट! पण सुटलेली ती ६ मुलं कोण? सौम्य रिफ्लक्सची असतील तर मला चिंता नाही, तो बहुतेकदा वाढत्या वयात आपोआप जातो. त्यांत चौथ्या-पाचव्या ग्रेडचं एक मूल असेल तर? म्हणून माझ्या मते या खुणा चाळणी म्हणून याव्यात. शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

नळी कमी व्हावी ही तुमची मागणी मात्र रास्त आहे आणि वैद्यकशास्त्र त्या दिशेने सरकलंही आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ साली पहिल्या तापाच्या संसर्गानंतर सरसकट एमसीयू नको, आधी सोनोग्राफी करा, असं सांगितलं. २०१४ च्या ‘रिव्हर’ अभ्यासात रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांत रोजच्या अँटिबायोटिकने पुन्हा होणारा संसर्ग जवळपास निम्मा झाला, पण किडनीवरचे व्रण कमी झाले नाहीत. याचा अर्थ प्रत्येक रिफ्लक्स शोधून काढल्याने प्रत्येक किडनी वाचते असं नाही. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत (मूत्राशयात खास द्रव भरून केलेल्या सोनोग्राफीत) किरणोत्सर्ग टळतो, नळी मात्र तिथेही लागते.

धाकट्या बाळाची लघवी तपासून घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. रिफ्लक्स असलेल्या मुलांच्या साधारण चारातल्या एका भावंडात तो आढळतो, त्यामुळे तुमची काळजी समजते. पण या खुणांच्या चाचणीवर आज पैसे घालवू नका. सोनोग्राफीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि बाळाला ताप आला, कारण दिसत नसलं, तर पहिलं अँटिबायोटिक देण्याआधी लघवीचा स्वच्छ नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) जाऊ द्या. चिकटवायच्या पिशवीतला नमुना कल्चरसाठी नको, त्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. नमुना गेला की त्याच दिवशी उपचार सुरू करून घ्या, कारण उशिरानेच व्रणाचा धोका वाढतो.