गेम बनवायला शिकण्यावर बंदी नाही : त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागल्यापासून ‘सावधान पालकांनो’ अशा मथळ्याचा एक मेसेज अमळनेर, पारोळा, धुळे, शिरपूर अशा सगळीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : सरकारने २०२५ मध्ये गेमिंगवर बंदी घातली आहे, त्यामुळे गेम डिझाइनची पदवी म्हणजे रद्दी, गेम बनवणाऱ्याला तीन वर्षं तुरुंग आणि एक कोटी दंड, जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगला आजार ठरवलंय, कॉलेजात पोरं चार वर्षं नुसती खेळत बसतात, नोकऱ्या नाहीत, होत्या त्या एआयने खाल्ल्या, आणि मुलींना तर हे क्षेत्र नाहीच. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’.

असे मेसेज मी वाचून सोडून देतो. हा सोडता येत नाही, कारण तो माझ्या बहिणीच्या घरी पोचला आणि भाचीचा गेम डिझाइनच्या पदवीचा अर्ज फी भरायच्या आदल्या दिवशी अडकला. ताईच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, मला फोन आला : “सरकारनी बंदी घाली दिधी ना, मंग पोर शिकीसन काय करी?” आबांवर मी रागावलो नाही. मेसेजात साल आहे, शिक्षा आहे, दंडाचा आकडा आहे. कोणाही कापूस पिकवणाऱ्या माणसाला तो खराच वाटणार. राग आहे तो हा मेसेज लिहिणाऱ्यावर. कायद्याच्या नावातला पहिला शब्दसुद्धा त्याने वाचलेला नाही.

इंग्रजी नावातला तो पहिला शब्द आहे ‘प्रमोशन’, म्हणजे प्रोत्साहन. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५. लोकसभेत २० ऑगस्टला मंजूर, राज्यसभेत २१ ला, राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्टला. हा कायदा खेळांचे तीन गट करतो : ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम), ऑनलाइन सोशल गेम (करमणुकीसाठी किंवा शिकण्यासाठी खेळायचे) आणि ऑनलाइन मनी गेम. बंदी आहे ती फक्त तिसऱ्या गटावर. मनी गेम म्हणजे काय, तेही कायद्यात स्पष्ट आहे : जिंकून पैसे किंवा तसाच लाभ मिळेल या आशेने फी भरून, पैसे ठेवून किंवा इतर काही पणाला लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. म्हणजे पैसे लावून खेळायची रमी, पोकर, पैशांच्या फँटसी टीमा. तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा असले खेळ पुरवणाऱ्याला आहे. त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. उरलेल्या दोन गटांना सरकारने मान्यता द्यावी, वाढवावं, असं हाच कायदा सांगतो. आणि कोणी म्हणेल की भाचीने बनवलेला गेम विकला की तोही ‘पैशांचा खेळ’ झाला, तर त्याचंही उत्तर तिथेच आहे : सोशल गेमसाठी वर्गणी किंवा एकदाच भरायची प्रवेश फी घेता येते, फक्त ती रक्कम पणाला लावलेली किंवा पैजेची नसावी.

दारूबंदी झाली म्हणून रसवंती बंद होत नाही, इतकं हे सोपं आहे.

मला स्वतःला ही बंदी हवीच होती. मोबाइलवरच्या रमीपायी घरची बाई मंगळसूत्र मोडायला सराफाकडे जाते, हे आपल्याकडे कोणाला ऐकून माहीत नाही? त्या जुगाराची चीड रास्त आहे. मेसेजवाल्याने तीच चीड उचलली आणि जिला गेम बनवायला शिकायचंय अशा अठरा वर्षांच्या मुलीवर ओतली. सगळ्या मेसेजातला सर्वांत घातक भाग हाच, कारण त्याने एका सरळ शिक्षणाला गुन्ह्याचा वास लावला. गावात एकदा ‘त्यांची पोर सट्ट्याचं शिकते’ असं झालं की पुढे किती वर्षं ते ऐकावं लागतं, हे मी सांगायला नको.

आता ‘चार वर्षं नुसती खेळतात’ ह्या मुद्द्याकडे येतो. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो, तेव्हा हे मला जास्तच लागलं.

एक प्रसंग घ्या. गेममध्ये वाड्याच्या दारात पहारेकरी उभा आहे आणि खेळाडू अंधारातून दबकत येतोय. पहारेकऱ्याला तो दिसला की नाही, हे कॉम्प्युटरने कसं ठरवायचं? पहारेकरी ज्या दिशेला बघतोय तो एक एकक सदिश, म्हणजे दिशा दाखवणारा, एक एकक लांबीचा बाण. पहारेकऱ्यापासून खेळाडूकडे जाणारी दिशा हा तसाच दुसरा. दोघांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार, काढायचा. उत्तर ऋण आलं तर खेळाडू पाठीमागे आहे, दिसणार नाही. उत्तर ०.५ किंवा त्याहून जास्त आलं तर तो नजरेच्या मध्यापासून साठ अंशांच्या आत आहे. मग पुढचा प्रश्न : मध्ये भिंत आहे का? त्यासाठी पहारेकऱ्याच्या डोळ्यांपासून खेळाडूपर्यंत एक किरण सोडायचा आणि तो वाटेत कशाला धडकतो का ते तपासायचं. हे सगळं, शिवाय चित्र, आवाज, उड्या, टकरा, सेकंदाला साठ फ्रेमच्या (पडद्यावरच्या एकेका चित्राच्या) हिशोबाने प्रत्येक वेळी सुमारे १६ मिलिसेकंदांत उरकायचं. हा आपल्या बारावीच्या पुस्तकातलाच सदिशांचा धडा आहे. “सर, याचा पुढे उपयोग काय?” असं वर्गात विचारलं जातं ना, हा त्याचा उपयोग.

आणि नुसत्या गणितावरही भागत नाही. उडी मारायच्या गेमात पात्राचा पाय कड्यावरून सुटला आणि खेळाडूने बटण किंचित उशिरा दाबलं, तर नियमाप्रमाणे तो पडायला हवा. तसं केलं की खेळणारा चिडतो. त्याला वाटतं, मी वेळेवर दाबलं होतं. म्हणून बरेच डिझायनर पाय सुटल्यानंतरही चार-पाच फ्रेम उडी मान्य करतात, एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ. खेळणाऱ्याला ते कळतही नाही, फक्त खेळ हातात बसतो. हे किती फ्रेम ठेवायचं, ते अनोळखी माणसांना खेळायला बसवून, त्यांच्या मागे गप्प उभं राहून, वहीत टिपून ठरवावं लागतं. विद्यापीठात हे शिकवतात : सी प्लस प्लस किंवा सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, युनिटी-अनरीअलसारखी इंजिनं (गेम ज्यात बांधतात ती सॉफ्टवेअर), कागदावरचे नमुने, चाचण्या, आणि दहा जणांच्या टीममध्ये भांडण न करता तारखेला काम पूर्ण करणं. एआयचा मुद्दाही इथेच संपतो. एआय कोड लिहून देतो, चित्रं काढून देतो. पण ती उडी माणसाच्या हाताला बरोबर वाटते का, हे शेवटी माणसालाच खेळून ठरवावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला अर्धवट आहे. आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. पण खेळण्यावर ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि साधारण बारा महिने असं चालून घर-अभ्यास-काम बिघडणं, ही त्याची लक्षणं आहेत. ते निदान खेळणाऱ्या थोड्या लोकांचं आहे, बनवायला शिकणाऱ्यांचं नाही.

मुलींबद्दलच्या ओळीवर मी जास्त लिहिणार नाही. अमेरिकेतल्या डिजिपेन या कॉलेजात किम स्विफ्ट आणि तिच्या वर्गमित्रांनी विद्यार्थी असताना ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा गेम बनवला. तो पाहून व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीने अख्खी टीमच कामावर घेतली आणि त्याच कल्पनेतून २००७ साली ‘पोर्टल’ हा गेम आला. इतकं लांब जायचं नसेल तर पुण्यात बघा : नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, जगभर खेळला गेला, आणि त्या स्टुडिओच्या सहसंस्थापक श्रुती घोष आहेत.

नोकऱ्यांबद्दल मात्र मेसेजात अर्धं खरं आहे, आणि नाइलाजाने ते मान्य करतो. या धंद्यात कपात मोठी झाली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातले १,९०० जण काढले, पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. खान्देशात राहून पहिली नोकरी मिळणं अवघड. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर गाठावं लागतं. ‘गेम डिझाइन’ अशी पाटी लावून लाखोंची फी घेणाऱ्या आणि शेवटी नुसतं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही आहेत. पण त्यावर उपाय मेसेज पाठवणं नाही, चौकशी करणं आहे. मिळणार ती पदवी आहे की डिप्लोमा, विद्यापीठ यूजीसीच्या मान्य यादीत आहे का, शिकवणाऱ्यांनी स्वतः एखादा गेम बाजारात आणलाय का, मागच्या वर्षीच्या मुलांनी बनवलेले गेम खेळून बघता येतात का. हे चार प्रश्न फोनवर विचारा. चौथ्याला टाळाटाळ झाली की तिथे पैसे भरू नका.

आणि फीचा आकडाच झेपत नसेल तर दुसरी वाट आहे. जळगावच्या आपल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी करायची. सोबत गोडो हे इंजिन शिकायचं. ते पूर्ण फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. छोटे छोटे गेम पूर्ण करून लोकांपुढे ठेवायचे. मग पदव्युत्तर शिक्षणासाठी एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बंगळूर कॅम्पसमधला डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम बघायचा. त्याची निवड डॅट या प्रवेश परीक्षेतून होते.

कायद्याची ती व्याख्या मी छापून आबांकडे पाठवली आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. भाचीची फी भरायची मुदत या शुक्रवारी संपते. हा मेसेज तुमच्याही घरी आला असेल आणि एखाद्या मुला-मुलीचा अर्ज त्यापायी थांबला असेल, तर वरचा कायद्याचा परिच्छेद तेवढा कापून त्याच ग्रुपवर टाका.