सर्व्हरला हार घाला, मेल आपोआप जाईल

वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे, माणसं चाळीस आहेत, म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर हवाच. शेजारच्या गाळेवाल्याने घेतलाय, एवढं कारण पुरे. रोज मेल किती येतात, जुने किती वर्षं ठेवायचे, असलं काही विचारणाऱ्या पोराला चहा सांगायला पाठवा.

सॉफ्टवेअरवर डोकं शिणवू नका. पोस्टफिक्स 1998 पासून जगभर चालतंय आणि फुकट मिळतं, म्हणून लगेच बाद करा. फुकटच्या वस्तूचं बिल कुठून आणणार? त्यापेक्षा कोणी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून मायक्रोसॉफ्टचं एक्सचेंज 2019 स्वस्तात देत असेल तर घेऊन टाका. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. असू दे, लोणचंही मुरलेलंच बरं.

खरी हौस मशीनवर फेडा. मेलला लागते भरवशाची डिस्क आणि दुसरीकडे ठेवलेला बॅकअप, पण बॅकअप पाहुण्यांना दाखवता येत नाही. 32 कोअर, 128 जीबी रॅम कसं भारदस्त वाटतं! चाळीस जणांची मेल, त्यातली निम्मी अटॅचमेंट लावायला विसरलेली. तीन डिस्का एकत्र जोडून त्यांचं रेड 5 करा आणि साहेबांना सांगा, हाच बॅकअप. एक डिस्क गेली तरी काम चालतं. दुसरी जाईपर्यंत.

जागा? गणपतीचं मखर ठेवता तीच खोली, एसीखाली. पाणी टपकतं, पण बादली आहे.

आणि दसऱ्याची पूजा चुकवू नका. आमच्याकडे सर्व्हरला झेंडूचा हार घातला, नेमका पुढच्या जाळीवर, जिथून तो हवा आत ओढतो. पाकळ्या जाळीला चिकटल्या, पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंगावू लागले. एका डिस्कचा केशरी दिवा लुकलुकत होता. झेंडूत झेंडू, दिसणार कोणाला? हार निघाला तो लक्ष्मीपूजनाला, नवा घालायचा होता म्हणून. दुसऱ्या डिस्कने पाडव्याचा मुहूर्त गाठला.

मेल पोहोचत नसेल तर ‘नेट स्लो आहे’ म्हणा. आयपीला रिव्हर्स डीएनएस नाही, डोमेनला एसपीएफ नाही, डीकेआयएम नाही, म्हणजे मेल तुमचाच आहे हे पटवणारं एकही ओळखपत्र नाही. समोरच्या सर्व्हरने तरी कोणाच्या ओळखीवर आत घ्यावं? तुमचं कोटेशन महापेच्या पार्टीकडे स्पॅममध्ये, लॉटरीच्या शेजारी पडून राहील. फोन करा: “शेठ, मेल टाकलाय, जरा स्पॅम बघता का?” अगदीच नाही सापडलं तर साहेबांच्या जीमेलवरून पाठवा. नव्या व्हिजिटिंग कार्डांवर तोच पत्ता छापून घेतलाय.